मापाचा ब्लाउज जुना, अम्मी आजची

गेल्या थंडीत माझ्या भावाच्या मोठ्या मुलीचा निकाह झाला. हॉल घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होता. दोन्हीकडची मिळून चारेकशे माणसे जेवून गेली. नवरीची दादी, म्हणजे माझी अम्मी, तेवढी आली नाही. "गुडघे दुखते मेरे, तुम लोग जाव," असे म्हणून ती शेजारच्या खालांना सोबतीला घेऊन घरीच बसली. निघण्याआधी नवरीच आतल्या खोलीत जाऊन तिची दुआ घेऊन आली. हॉलमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा "अम्मी कुठे?" म्हणून विचारत होता आणि आम्ही प्रत्येकाला गुडघ्यांचे सांगत होतो. गुडघे तिचे खरेच दुखतात. पण त्याच गुडघ्यांनी ती दर महिन्याला दवाखान्याच्या पायऱ्या चढते, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आले नाही.

खरे कारण कळायला शाबान उजाडावा लागला. रमजानच्या आधीच्या साफसफाईसाठी एका रविवारी मी माहेरी गेले होते. अम्मीचे कपाट आवरायला घेतले तर खालच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट नऊ नवे कपडे निघाले. पाच साड्या, चार सलवार-कुर्ते. काहींवर किमतीच्या चिठ्ठ्या तशाच. सगळे आम्हीच दिलेले. मी, भाभी, पुण्याची धाकटी बहीण, दुबईचा भाचा. चार वर्षांच्या ईद त्या कप्प्यात घडी घालून पडल्या होत्या.

"अम्मी, हे घालणार कधी?" मी जरा चिडूनच विचारले.

"हाथच उप्पर नै जाता, तो पैनू कैसा?" ती म्हणाली. मग थोडे थांबून, माझ्याकडे न बघता, "और गाऊन पे जाऊ क्या पोती की शादी में?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. म्हाताऱ्या आईवडिलांशी कसे बोलावे, त्यांच्यापुढे कसे नमते घ्यावे, याबद्दल सूरह बनी इस्राईलमध्ये काय शिकवण आहे, हे दरवर्षी मुलांना समजावून सांगते. अम्मीला मी कधी उलटून बोलले नाही. पण चार वर्षांत "हे तुला घालता येते का?" एवढेही मी तिला विचारले नव्हते.

आमचे इचलकरंजी मागांचे गाव. अब्बा मागावर होते आणि अम्मीने लग्नानंतर वीस-बावीस वर्षे कांड्या भरल्या. आज तिचे वय 76. आमच्या मोहल्ल्यात तिच्या वयाच्या बहुतेक बायका साडीच नेसतात, सलवार-कुर्ता आला तो आमच्या पिढीपासून. अम्मीची साडी म्हणजे नुसता कपडा नव्हता. पदराच्या टोकाला कपाटाची किल्ली, दहा-वीसच्या चार नोटा, एखादी लवंग बांधलेली असायची. नातवंडे आली की गाठ सुटायची.

चार वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून सांगितले. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो आणि अम्मीला तो वीस वर्षांपासून आहे. हात मागे जाईना, वर जाईना. बोटांची पेरे सुजलेली, त्यामुळे ब्लाउजचे हूक लागेनात, निऱ्या खोचता येईनात. पहिले काही महिने भाभी रोज सकाळी साडी नेसवून द्यायची. भाभीलाही डबे, शाळा, पाणी भरणे. एके दिवशी मीच बाजारातून चार गाऊन आणले आणि म्हटले, आता घरातच तर असतेस, हेच घाल.

गाऊन सोयीचा होता यात शंका नाही. सोय मात्र आमची झाली. आमच्याकडे गाऊन हा घरातला कपडा, त्यावर परक्या माणसासमोर कोणी येत नाही. दारावरची बेल वाजली की अम्मी उठून आत जायची. जावई आले की आत. भावाचे मित्र आले की आत. पुढे तिने स्वतःच आपली खाट आतल्या खोलीत घ्यायला लावली आणि आम्ही म्हटले, तिला आता गोंगाट सोसत नाही. गाऊनला पदर नाही, त्यामुळे गाठही नाही. किल्ली भाभीच्या हुकावर गेली. ईदी द्यायची तर अम्मी कोणाला तरी हाक मारून म्हणायची, "मेरे तरफ से बच्चों को दे दे."

पुढच्या ईदला मी तिच्यासाठी तयार सलवार-कुर्ते घ्यायला लागले. दुकानात उभी राहून मी बघायचे ते रंग आणि नक्षी. मुंढा किती अरुंद आहे, पाठीमागे चेन आहे, बाही कोपराशी घट्ट आहे, चाक इतके वरून फुटलेले आहे की खुर्चीवर बसले तर मांडी दिसेल, यातले काही मी बघितले नव्हते. चाळिशीतल्या बाईच्या नजरेने मी 76 वर्षांच्या बाईचे कपडे घेत होते.

नाडीची गोष्ट तर त्याहून वाईट. गाऊनखाली अम्मी सलवार घालायचीच. तिला नाडी, आणि तीही आजकालच्या गुळगुळीत दोऱ्याची, जी एका गाठीत टिकत नाही. दोन गाठी मारल्या की सुटत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात अम्मीला ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी तपासून संसर्ग सांगितला आणि पाणी फार कमी पडते म्हणाले. भाभीने उशाशी बाटली भरून ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी बाटली तशीच. आम्ही रागावलो, समजावले, मोबाईलमध्ये पाणी पिण्याची आठवणही लावली. त्या रविवारी कपाटासमोर बसून अम्मी खाल मानेने म्हणाली की गाठ सुटेपर्यंत धीर निघत नाही. दोनदा कपडे खराब झाले होते. नमाजसाठी पाक कपडे पाहिजेत, दर वेळी कोणाला धुवायला सांगायचे? म्हणून तिने पाणीच कमी केले होते. भाभी त्याच घरात, मी दर रविवारी येणारी, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

त्या दिवशी कपाट तसेच टाकून मी गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या आपांना बोलावून आणले.

आपा टेप घेऊन आल्या. मी सवयीने मापाचा ब्लाउज पुढे केला. तुमच्याही घरी असेलच. टेलरकडे जाताना पिशवीत घालायचा एक जुना, नीट बसणारा ब्लाउज किंवा कुर्ती. आपांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, हा कोणत्या साली शिवला? मला आठवले, माझ्या लग्नाच्या वेळी. म्हणजे 18 वर्षांपूर्वी. त्या हसल्या आणि ब्लाउज माझ्या हातात परत दिला. "हे तुमच्या लग्नातल्या अम्मीचे माप. आजच्या अम्मीला उभे करा."

शाळेत दर जूनला मुलांचे गणवेश बघते. मागच्या वर्षीची पँट घोट्याच्या वर गेलेली असते. पालक नवे माप देतात, वर "वाढत्या अंगाचे शिवा" म्हणून सांगतात. मुलाचे अंग वर्षात बदलते हे कोणाला सांगावे लागत नाही. म्हाताऱ्या माणसाचे अंगही बदलते. उंची कमी होते, पाठ पुढे वाकते, खांदे उतरतात, दंड बारीक होतात, पोट पुढे येते. अम्मीचा खांदा त्या ब्लाउजपेक्षा दीड इंचाने कमी निघाला आणि कंबर चार इंचांनी जास्त. मानेच्या मणक्यापासून खाली मोजलेली पाठ आणि पुढून मोजलेली छाती यांत दोन इंचांचा फरक आला. पाठ वाकल्यावर मागचा कपडा वर ओढला जातो आणि पुढचा लोंबतो. पुढे लोंबणारा कुर्ता म्हणजे उठताना पायाखाली येणारा कुर्ता. आपांनी मागची आणि पुढची उंची वेगवेगळी लिहून घेतली. टेलरकडे माप टाकताना हे आवर्जून सांगा, कारण एरवी एकच उंची लिहिली जाते.

मग त्यांनी अम्मीला खुर्चीवर बसवले आणि सगळी मापे पुन्हा घेतली. मी हे कधी पाहिले नव्हते. पण ज्या बाईचा दिवस खाट, खुर्ची आणि खुर्चीवरची नमाज यांत जातो, तिचे माप उभ्याने घेऊन काय उपयोग? बसल्यावर पोटाचा घेर वाढतो, कुर्ता गुडघ्यांच्या वर सरकतो, सलवारीचे आसन मागून ताणले जाते. बसलेल्या मापाने कुर्त्याची उंची चार बोटे वाढली, चाक खाली आले आणि सलवारीचे आसन खोल झाले.

यानंतर आपांनी अम्मीला हात वर करायला सांगितले. डावा डोक्यापर्यंत गेला, उजवा छातीच्या वर जाईना. तेवढ्यावर त्यांनी ठरवून टाकले, डोक्यातून घालायचा कुर्ता नको, पुढून पूर्ण उघडणारा पाहिजे. बाही घट्ट मुंढ्याची नको, काखेत चौबगला घालू. हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आमच्या दादाजानच्या कुर्त्यांना काखेत कापडाचा तो लहान चौकोनी तुकडा असायचा, त्यामुळे हात हलला तरी कुर्ता खेचला जात नसे. तयार कपड्यांतून तो कधीच गेला, कारण त्याला जास्त वेळ आणि जास्त शिलाई लागते. आखडलेल्या खांद्याला त्याच्यासारखा आराम नाही.

बटणांवर मात्र बराच वेळ गेला. आपांनी डबाच अम्मीच्या मांडीवर ठेवला आणि लावून बघा म्हणाल्या. शर्टाची लहान बटणे बोटांत धरवेनात. टिचबटणाला जोर लागतो, अम्मीने दोनदा दाबले आणि हात झटकला. नुसते वेल्क्रो शिवावे तर ते बघायला बरे दिसत नाही, असे अम्मीचे मत. शेवटी आपांनी तोड काढली. काजावर वरून मोठी चपटी बटणे कायमची टाकून दिली आणि आतून प्रत्येक बटणामागे वेल्क्रोचा रुपयाएवढा तुकडा लावला. बघणाऱ्याला बटणांचा कुर्ता दिसतो, घालणारीला नुसते दाबायचे आणि ओढायचे. धुताना वेल्क्रो बंद करून टाकावे लागते, नाहीतर त्यात दुपट्ट्याचे दोरे अडकतात. बाजारात लोहचुंबकाची बटणेही मिळतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत.

सलवारीची नाडी गेली. नेफ्यात दीड इंच रुंदीचे मऊ इलॅस्टिक घातले. अरुंद इलॅस्टिक पोटात रुतते आणि त्याचा वळ उमटतो. नेफ्याची शिलाई एका जागी दोन बोटे उघडी ठेवायची, म्हणजे सैल-घट्ट करायला सगळा नेफा उसवावा लागत नाही. मोहरी पाय सहज जाईल इतकी रुंद आणि उंची घोट्याच्या वर. पतियाळाचा घोळ नको, ओल्या मोरीत तो पायात येतो. हे सगळे मिळून एका सलवारीला अर्ध्या दिवसाचेही काम नाही. पहिली सलवार घालून आठवडा झाला नसेल, भाभीचा फोन आला की उशाची बाटली दुपारीच रिकामी होते.

ज्या घरात अशी अडचण आहे त्यांना एक सांगते. तशा चार-पाच सलवारी एकदमच शिवून घ्या आणि आईच्या हाताला येतील अशा ठेवा. वरच्या कप्प्यात नव्हे, खाटेजवळच्या खुर्चीवर. बदलायला मागावे लागले नाही की लपवावेही लागत नाही. आणि नमाजच्या पाकीबद्दल जे मनात आहे ते इमामसाहेबांना मोकळेपणी विचारा. आजारी माणसासाठी शरीयतमध्ये सवलती आहेत. त्या न विचारल्यामुळे किती बुजुर्ग उगाच घुसमटत असतील.

कापड घ्यायला आम्ही अम्मीलाच नेले. खरे तर हे आधीच करायला हवे होते. ज्या बाईच्या बोटांतून वीस वर्षे सूत गेले तिच्यासाठी आम्ही पडद्यासारखे सिंथेटिक कापड आणत होतो. दुकानदाराने खुर्ची दिली. अम्मीने एकेक ठाण ओढून अंगठा आणि बोट यांत चोळले आणि दोन ठाण बाजूला सारले. "इसमें मिलावट है." दुकानदार म्हणाला, शुद्ध सुती आहे. अम्मीने काठाचा दोरा काढून मागितला आणि घरी येऊन काडी लावून दाखवला. सुताचा दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टरचा दोरा वितळून त्याचा टणक मणी होतो. मणीच निघाला. मराठीच्या तासाला मी आता हे मुलांना सांगते, विषयाशी काही संबंध नसताना.

उन्हाळ्यासाठी बारीक कॅम्ब्रिक आणि अस्तराला मलमल, थंडीसाठी जरा भरीव पॉपलिन, असे घेतले. सुती कापड घाम टिपते, सिंथेटिक टिपत नाही. म्हाताऱ्या अंगाची कातडी पातळ होते, तिला कडक शिलाईसुद्धा घासते. म्हणून आतल्या शिलाया दाबून चपट्या करायच्या आणि मानेमागचे लेबल मुळापासून काढायचे. कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायला विसरू नका. सुती कापड आटते आणि मग नीट घेतलेले मापही फुकट जाते.

रंगाचाही एक किस्सा. अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हापासून अम्मीला येणारे सगळे कपडे फिके. राखी, बदामी, पांढऱ्यावर काळी बुंदी. कोणी मुद्दाम ठरवले नव्हते. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती संपली की रंगाची काही मनाई राहत नाही, हे आपल्याला ठाऊक असते, तरी दुकानात हात आपोआप फिक्याकडे जातो. त्या दिवशी मी एक बदामी ठाण काढायला लावले तर अम्मी म्हणाली, "वो जामुनी दिखाव." जांभळ्या रंगावर बारीक पांढरी फुले. तिनेच घेतले, तिच्याच आवडीचे.

बाहेर जाण्याचा प्रश्न उरलाच होता. कुर्ता-सलवार अम्मीला घरात चालत होता, पण लग्नकार्याला तिच्या मनातून साडी हटेना. तेव्हा आपांनी ईदच्या पाच साड्यांतली एक मागून घेतली. शिवलेल्या नऊवारी तर आता सर्रास मिळतात. त्यांनी तसेच पाचवारीचे केले. सुती परकराला कंबरेला इलॅस्टिक, त्यावर साडीच्या निऱ्या घालून शिवून टाकल्या, डाव्या बाजूला उघड ठेवली. खाटेवर बसून सलवारीसारखी पायांतून वर ओढायची. ब्लाउज कंबरेपर्यंत लांब, पूर्ण बाहीचा, पुढून उघडणारा. पदर खांद्यावर पिनेने न टोचता ब्लाउजच्या खांद्यालाच वेल्क्रोची पट्टी दिली, कारण थरथरत्या बोटांत सेफ्टी पिन देणे धोक्याचेच. पदराचे टोक मोकळे. अम्मीने ती पहिल्यांदा स्वतः घातली तेव्हा पदरापुरती भाभीची मदत लागली, बाकी काही नाही. मला वाटले होते की शिवलेली साडी तिला खोटी वाटेल. ती आरशासमोर बराच वेळ निऱ्यांवरून हात फिरवत उभी राहिली आणि म्हणाली, आधी का नाही सुचले?

बुरखाही बदलला. जुना डोक्यातून घालायचा होता, नवा पुढून चेनचा, चेनच्या टोकाला बोट अडकेल एवढी कापडाची कडी. उंची घोट्यापर्यंतच, कारण रिक्षात चढताना लांब बुरखा पहिला पायाखाली येतो. डोक्याला पिनांचा स्कार्फ न घेता इलॅस्टिकचा शिवलेला मकना. हाच मकना नमाजलाही उपयोगी पडतो. रुकूत दुपट्टा घसरला की डाव्या हाताने सावरताना तिचे लक्ष उडायचे, ते थांबले.

वुजूसाठी बाहीची रुंदी आधी तपासून घ्या. बाही कोपराच्या वर एका हाताने सरकली पाहिजे आणि तिथे टिकली पाहिजे. अम्मीच्या बाहीला आपांनी आतून एक पट्टी दिली आहे, बाही वर करून पट्टी वेल्क्रोला चिकटवली की ओली होत नाही. पाय धुण्यासाठी वाकणे ज्यांना जड जाते त्यांनी चामड्याच्या मोज्यांबद्दल, म्हणजे खुफ्फैनबद्दल इमामसाहेबांना विचारावे. पूर्ण वुजू करून ते घातले असतील तर घरी असणाऱ्याला एक दिवस-एक रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री त्यांवर मसह करता येते. साध्या सुती मोज्यांचा मसला वेगळा आहे, तोही त्यांनाच विचारा. आणि मधुमेह असेल तर कोणत्याही मोज्याचे रबर घट्ट नको. संध्याकाळी मोजा काढल्यावर पायावर खोल वळ दिसला तर तो मोजा बाद करायचा.

पुरुषांचे एवढे अवघड नाही, असे मला वाटत होते. मग मिरजेच्या मामूंना भेटून आले. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली आहे. मुलगा रोज सकाळी कुर्ता घालताना चांगला हात आधी घालायचा आणि मग दुबळा हात ओढून बाहीत कोंबायचा. मामू दातओठ खाऊन गप्प बसायचे. हे उलट करायचे असते. घालताना दुबळा हात आधी, काढताना दुबळा हात शेवटी. पायजम्याचेही तेच. एवढ्या एका बदलाने रोजची कण्हण्याची वेळ टळली. कुर्त्याला पुढून पूर्ण उघड आणि लुंगीला नुसती गाठ न मारता इलॅस्टिक, हेही आता झाले आहे. जुम्याला ते व्हीलचेअरवर मशिदीत जातात आणि लुंगी सुटेल या भीतीने एका हाताने ती धरून बसत नाहीत.

खर्चाचे विचारणाऱ्यांसाठी सांगते. आपांनी कुर्त्या-सलवारीची शिलाई साध्यापेक्षा दीडपट घेतली आणि ती योग्यच होती. कापाकापीला वेळ जातो. तरी कप्प्यात पडलेल्या त्या नऊ कपड्यांच्या किमतीत अम्मीची दोन वर्षांची सोय झाली असती. त्यातले दोन कुर्ते आपांनी उसवून, पुढून फाडून, काखेत तुकडा घालून घालण्याजोगे केले. उरलेले आम्ही अम्मीला विचारून, तिच्याच हाताने, गरजूंना दिले.

ईदच्या सकाळी अम्मी शिवलेली हिरवी साडी घालून बाहेरच्या खोलीत, अब्बांच्या खुर्चीवर येऊन बसली. जावई आले, भावाचे मित्र आले, गल्लीतली पोरे आली. ती उठली नाही. शीरखुर्मा वाढताना मी पाहिले, पदराला गाठ होती. भाभीकडून आदल्या दिवशीच तिने दहाच्या कोऱ्या नोटा मागून घेतल्या होत्या. गाठ आता तिच्या बोटांनी सुटत नाही, म्हणून ती सैल बांधलेली आणि वरून रबर लावलेले. प्रत्येक पोराला ती स्वतः रबर काढायला लावायची.

चार दिवसांनी तिचा निरोप आला की जांभळ्या कुर्त्याला खिसा पाहिजे. आपांनी विचारले, कोणत्या बाजूला? "बाएँ," अम्मी म्हणाली, उजवा हात तिथवर वळत नाही. खिशात तसबीह, औषधाची डबी आणि कपाटाची किल्ली असते. किल्लीसाठी भाभीला आता तिच्याकडे यावे लागते.

पुढच्या महिन्यात पुण्याच्या बहिणीकडे अकीका आहे. अम्मीने बुरखा दोन बोटे आखूड करायला आपांकडे पाठवला आहे आणि मला दोनदा विचारून झाले आहे की गाडी किती वाजता निघते.